बेडूक संकटग्रस्त आहे हे कळलं. त्याला नेमकं काय हवं, हे कसं ठरवायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: उष्ण प्रदेशातल्या डोंगरी जंगलात, ओढ्याकाठी राहणारा एक छोटा बेडूक आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत ‘संकटग्रस्त’ म्हणून नोंदलेला आहे. हाताशी दोन पावसाळ्यांच्या नोंदी आहेत आणि दुसऱ्या वर्षी तो पहिल्या वर्षापेक्षा बराच कमी दिसला. त्याच्या संवर्धनाची गरज कशी जोखायची, आणि आत्ताच काही जोड्या पकडून बंदिस्त प्रजनन सुरू करावं का?

लाल यादीतला दर्जा एवढंच सांगतो की प्रजाती नामशेष होण्याचा धोका किती मोठा आहे. तिच्यासाठी काय करावं हे त्यातून कळत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या जागतिक उभयचर मूल्यांकनात ८,०११ प्रजाती तपासल्या गेल्या आणि त्यांतल्या सुमारे ४१ टक्के धोक्यात असल्याचं दिसलं. एवढ्या सगळ्यांना प्रयोगशाळेत आणून ठेवण्याइतक्या जागा, माणसं आणि पैसा जगात कुठेच नाही. गरजही तशी नाही. यांतल्या बहुतेकांना हवं आहे ते म्हणजे जंगल शाबूत राहणं आणि ओढ्याला पाणी असणं.

म्हणून गरजांचं मूल्यांकन करताना सगळं एका प्रश्नाभोवती फिरतं: ज्या कारणामुळे हा बेडूक कमी होतो आहे ते कारण, तो संपायच्या आत, त्याच्या मूळ जागीच दूर करता येईल का? अ‍ॅम्फिबियन आर्क ही संस्था जी मूल्यांकनाची पद्धत वापरते, तिच्या मुळाशीही हाच प्रश्न आहे. उत्तर ‘हो’ असेल तर काम अधिवासात. ‘नाही’ असेल तर काही बेडूक तातडीने बाहेर काढून सुरक्षित ठेवणं. ‘माहीत नाही’ असेल तर आधी संशोधन, आणि तेही नेमकं त्या एका कारणावर. बाकीची सगळी माहिती या तिठ्यावर योग्य वाट धरता यावी म्हणून गोळा करायची असते.

मात्र त्याआधी एक खात्री करून घ्या: आपण ज्याला एक प्रजाती समजतो आहोत ती खरोखर एकच आहे ना? उष्ण कटिबंधात हा प्रश्न औपचारिक नाही. सह्याद्रीतल्या राओर्चेस्टिस वंशातल्या झुडपी बेडकांकडे पाहा. दिसायला इतके सारखे की फोटोवरून भलेभले फसतात. नराचा आवाज आणि डीएनए तपासला की वेगळेपण उघड होतं. तुमच्या नोंदींमधला बेडूक तीन डोंगरांवर पसरलेला दिसत असेल आणि प्रत्यक्षात त्या तीन प्रजाती असतील, तर प्रत्येकीचा पसारा तुम्ही समजता त्याच्या एक तृतीयांश आहे आणि तुमचं सगळं गणित चुकलं आहे. प्रत्येक ठिकाणच्या नरांचे आवाज तापमानाच्या नोंदीसकट ध्वनिमुद्रित करा, कारण थंडीत साद संथ होते आणि ते वेगळेपण वाटू शकतं. डीएनएसाठी तोंडातला स्वॅब पुरतो. बोट कापायची गरज सहसा नसते. अर्थात हे सगळं संबंधित वन्यजीव खात्याच्या लेखी परवानगीनंतरच.

आता त्या ‘कमी दिसला’ या निरीक्षणाकडे येतो. दोन वर्षांच्या आकड्यांवरून घट सिद्ध होत नाही. बेडकांची संख्या वर्षागणिक प्रचंड हेलकावे खाते. अमेरिकेत दक्षिण कॅरोलायनातल्या रेनबो बे या तळ्यावर सलग बारा वर्षं उभयचरांची मोजणी झाली, तेव्हा नैसर्गिक चढउतारच इतके मोठे निघाले की त्यातली दोन-तीनच वर्षं वेगळी काढून पाहिली असती तर कुणीही ‘प्रजाती कोसळली’ असा निष्कर्ष काढला असता. पण याच्या उलट उदाहरणही विसरता येत नाही. कोस्टा रिकातल्या मॉन्टेव्हर्देच्या धुकाळ जंगलात १९८७ साली दीड हजारांहून अधिक सोनेरी भेक विणीसाठी जमलेले दिसले. पुढच्या वर्षी बोटांवर मोजण्याइतके. १९८९ मध्ये एकच नर. त्यानंतर तो भेक आजवर कुणालाही दिसलेला नाही. म्हणजे ‘थांबून पाहू’ हाही एक निर्णयच आहे आणि त्याची किंमत कधी कधी पूर्ण प्रजाती असते. यातून मार्ग एकच: आकड्यांची वाट पाहत असतानाच कारणांचा शोध समांतर चालू ठेवायचा.

आकडे सुधारण्याचा उपायही सांगतो. बेडूक दिसला नाही याचे दोन अर्थ असतात: तो तिथे नव्हता, किंवा होता पण आपल्याला सापडला नाही. हे वेगळे करायचे तर एकाच हंगामात त्याच जागी पुन्हा पुन्हा जावं लागतं. समजा, बेडूक असलेल्या ओढ्यावर एका रात्रीच्या फेरीत तो सापडण्याची शक्यता ३० टक्के आहे. मग तीन फेऱ्या रिकाम्या गेल्या तरी तो तिथे असूनही निसटला असण्याची शक्यता जवळपास ३४ टक्के उरते. ‘इथे नाही’ असं ९५ टक्के खात्रीने म्हणायला नऊ फेऱ्या लागतात. बहुतेक अहवालांत दोन-तीन फेऱ्यांवर ‘स्थानिक पातळीवर नामशेष’ असा शिक्का मारलेला मी वाचतो तेव्हा मला फार वाईट वाटतं, कारण त्या शिक्क्यामुळे त्या ओढ्याचं संरक्षण सुटू शकतं. माणसांनी नऊ फेऱ्या करणं अवघड असेल तर ओढ्याकाठी स्वयंचलित ध्वनिमुद्रक लावा. तो रोज रात्री ऐकतो, भर पावसातही.

कधी आणि काय शोधायचं हे प्रजातीच्या जीवनक्रमावर ठरतं. २००३ मध्ये वर्णन झालेला सह्याद्रीतला जांभळा बेडूक जवळजवळ सगळं आयुष्य जमिनीखाली काढतो. पावसाच्या तोंडाशी विणीपुरता बाहेर येतो आणि परत जातो. त्याची मोठी बेडकं मोजत बसलात तर हाती काही लागणार नाही. पण त्याचे बेडूकमासे तोंडाच्या चोषकाने वाहत्या ओढ्यातल्या खडकांना चिकटून काही महिने राहतात, त्यामुळे ते मोजता येतात. तुमच्या बेडकाची कुठली अवस्था सर्वांत जास्त काळ आणि सर्वांत खात्रीने सापडते, ते आधी ठरवा. एक सूचना: बेडूकमासे भरपूर आहेत म्हणून निश्चिंत होऊ नका. कायट्रिड या बेडकांच्या त्वचेत वाढणाऱ्या रोगकारक बुरशीचा संसर्ग झालेले बेडूकमासे बहुधा जगतात; त्यांचं रूपांतर होऊन छोटी बेडकं बनली की ती मरतात. बेडूकमासे, नुकती बाहेर पडलेली पिल्लं आणि प्रौढ, या तिन्हींची मोजणी वेगवेगळी ठेवलीत तर साखळी कुठे तुटते ते दिसतं.

पसाऱ्याचं मोजमाप मी थोडक्यात उरकतो, कारण त्याचे नियम ठरलेले आहेत. सगळ्या नोंदी सामावणाऱ्या बाह्य बहुकोनाचं क्षेत्र ५,००० चौरस किलोमीटरपेक्षा कमी, किंवा दोन बाय दोन किलोमीटरच्या चौकटींनी मोजलेलं प्रत्यक्ष व्यापलेलं क्षेत्र ५०० पेक्षा कमी, आणि त्याच्या जोडीला पाच किंवा त्याहून कमी स्थानं, सतत होणारी घट, टोकाचे चढउतार यांपैकी किमान दोन गोष्टी, असं असलं की प्रजाती ‘संकटग्रस्त’ ठरते. ‘अतिसंकटग्रस्त’साठी हेच आकडे १०० आणि १० चौरस किलोमीटर, आणि स्थान एकच. गोंधळ होतो तो ‘स्थान’ या शब्दावर. जीपीएसवरचा प्रत्येक ठिपका म्हणजे एक स्थान नव्हे. एकाच संकटात जेवढा भाग एका फटक्यात सापडेल तेवढं एक स्थान. नऊ ओढ्यांवर बेडूक आहे, पण ते नऊच्या नऊ एकाच प्रस्तावित धरणाच्या पाणलोटात येतात, तर स्थान एकच. म्हणून नकाशा काढताना बेडकांचे ठिपके मांडून थांबू नका. धोक्यांच्या सीमा त्यावर चढवा.

आता कारणांकडे, म्हणजे मूल्यांकनाच्या गाभ्याकडे. इथे वेळ द्या, इतर सगळीकडे वाचवून इथे द्या. अहवालांत ‘अधिवासाचा ऱ्हास, प्रदूषण, हवामानबदल, रोग’ अशी माळ ओवलेली असते आणि ती कुठल्याही बेडकाला लागू पडते. तिचा उपयोग शून्य. प्रत्येक धोक्यासाठी तीन गोष्टी लिहायच्या: तो बेडकाच्या कुठल्या अवस्थेला मारतो, त्याचा पुरावा काय, आणि तो कोण थांबवू शकतो. ‘जंगलतोड’ऐवजी ‘वरच्या अंगाला झालेल्या रस्त्याच्या कामाची माती ओढ्यात येते, दगडांमधल्या फटी बुजतात आणि अंडी घालायला जागा उरत नाही’ असं लिहिलं की उपाय आपोआप समोर येतो आणि तो कुणाच्या टेबलावर न्यायचा हेही कळतं.

टांझानियातल्या किहान्सी तुषार-भेकाची कथा म्हणूनच प्रत्येकाने अभ्यासावी. उद्झुंग्वा डोंगरातल्या एका धबधब्याच्या तुषारांवर जगणारा, अंडी न घालता थेट पिल्लं देणारा हा इवलासा भेक १९९६ मध्ये सापडला. त्याचं सगळं जग साधारण दोन हेक्टरांचं. जलविद्युत प्रकल्पासाठी नदीचं सुमारे ९० टक्के पाणी वळवल्यावर ते जग सुकायला लागलं. इथे कारण उघड होतं, म्हणून कृत्रिम फवाऱ्यांनी दरीत पुन्हा तुषार उडवले गेले आणि भेकांची संख्या सावरलीही. पण २००३ मध्ये ती अचानक कोसळली आणि त्याच सुमारास तिथे कायट्रिड बुरशी आढळली. २००९ मध्ये हा भेक निसर्गातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. तो आज पृथ्वीवर आहे तो केवळ २००० साली ४९९ भेक अमेरिकेतल्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात नेले होते म्हणून. २०१२ पासून त्यांचे वंशज पुन्हा त्या दरीत सोडले जाऊ लागले. मला यातून दोन गोष्टी दिसतात. एका धोक्यावर उपाय झाला म्हणजे मूल्यांकन संपत नाही. आणि ज्याचा पसारा इतका टीचभर आहे त्याच्यासाठी अधिवासातलं काम आणि बाहेरची राखीव संख्या या दोन्ही गोष्टी एकाच वेळी हव्यात.

कायट्रिडबद्दल स्वतंत्र बोलायला हवं. बॅट्राकोकायट्रियम डेंड्रोबॅटिडिस या बुरशीचं वर्णन १९९९ मध्ये झालं. ती बेडकाच्या त्वचेत वाढते; क्षारांचं संतुलन बिघडतं आणि शेवटी हृदय बंद पडतं. २०१९ च्या एका जागतिक आढाव्यात या रोगामुळे किमान ५०१ उभयचर प्रजाती घटल्याचं आणि त्यांतल्या ९० निसर्गातून नाहीशा झाल्याचं मानलं गेलं. साधारण १७ ते २५ अंश तापमानात ती जोमाने वाढते आणि २८ च्या वर खुंटते, म्हणून उष्ण सखल भागापेक्षा थंड डोंगरी ओढ्यांवर तिचा घाला जास्त बसतो. तुमचा बेडूक नेमका तिथलाच आहे.

तपासणी त्वचेवरच्या स्वॅबने होते, बेडकाला इजा होत नाही. किती नमुने घ्यायचे? संसर्गाचं प्रमाण किमान पाच टक्के असेल तर तो पकडण्याची ९५ टक्के खात्री हवी असल्यास साधारण ६० बेडूक तपासावे लागतात. दुर्मीळ प्रजातीचे ६० मिळणार नाहीत, मग त्याच ओढ्यावरचे सामान्य बेडूक तपासा. बुरशी अनेकदा त्यांच्याच अंगावर, त्यांना फारसा त्रास न देता टिकून असते. जवळच्या संग्रहालयात जुने नमुने असतील तर त्यांचीही त्वचा तपासता येते आणि बुरशी तिथे पूर्वीपासून आहे की नव्याने आली, याचा अंदाज येतो. हा फरक निर्णायक असतो. बुरशी सापडली एवढ्यावरून रोगाची साथ आहे असं ठरत नाही. आशियात ती अनेक ठिकाणी आढळते आणि तरीही बेडूक टिकून आहेत. सोबत मरगळलेले, कातडी सोलवटलेले किंवा मेलेले बेडूक सापडत असतील तर मात्र एक दिवसही घालवू नये. आणि हो, प्रत्येक बेडकाला नवा हातमोजा, प्रत्येक ओढ्यानंतर बूट घासून, निर्जंतुक करून वाळवायचे. अभ्यासकाच्या बुटांतून रोग पुढच्या ओढ्यावर जाणं, याहून मोठं दुर्दैव नाही.

कॅरिबियन बेटांवरचा ‘माउंटन चिकन’ नावाचा मोठा बेडूक म्हणजे त्या ‘नाही’ उत्तराचं उदाहरण. डॉमिनिका बेटावर २००२ मध्ये कायट्रिड पोहोचली आणि दीडेक वर्षात ८० टक्क्यांहून अधिक बेडूक गेले. २००९ मध्ये मॉन्टसेराटची पाळी आली. जंगल जागेवर, पाणी जागेवर, पण पूर्ण बेटावरून बुरशी काढण्याचा उपाय कुणाकडेच नाही. इथे बंदिस्त प्रजननावाचून इलाज नव्हता. पनामातही तसंच: साथ पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकताना दिसत होती, म्हणून ती एल व्हाये दे आंतोनला पोहोचायच्या आधी सोनेरी बेडूक गोळा केले गेले. केंद्राची इमारत तयार नव्हती तेव्हा त्यांना एका हॉटेलच्या खोल्यांमध्ये ठेवलं होतं. त्या घाईमागे स्पष्ट मूल्यांकन होतं आणि ते बरोबर ठरलं.

याउलट धोका जेव्हा ठरावीक जागी आणि ठरावीक वेळी असतो तेव्हा बंदिस्त प्रजनन ही महागडी पळवाट होते. आंबोलीचा भेक, झँथोफ्रायनी टायग्रीना, अतिसंकटग्रस्त आहे, पसारा अगदी लहान. त्याची वीण पावसाच्या पहिल्या सरींनंतर थोड्याच काळात, खडकावरच्या तात्पुरत्या डबक्यांत उरकते. अशा प्रजातीसाठी ते खडक राखणं आणि त्या मोजक्या रात्री वाहनांना आवर घालणं, एवढ्याने जे साधेल ते काचेच्या पेट्यांनी साधणार नाही.

बंदिस्त प्रजनन करायचंच ठरलं तर आधी काय हवं ते पाहा. संस्थापक म्हणून, म्हणजे ज्यांच्यापासून पुढची सगळी पैदास होणार असे, परस्परांशी नातं नसलेले वीस बेडूक असतील आणि ते सगळे खरोखर प्रजननात उतरले, तर मूळ जनुकीय विविधतेचा साधारण ९७.५ टक्के भाग पुढच्या पिढीत येतो. प्रत्यक्षात काही मरतात, काही जोडी जुळवतच नाहीत, म्हणून जास्त लागतात. प्रौढ उचलण्यापेक्षा अनेक वेगवेगळ्या अंडपुंजांतून थोडी थोडी अंडी घेणं मला केव्हाही पटतं. निसर्गात त्यांतली बहुतेक मरणारच असतात. उशीर झाला तर काय होतं, हे पनामातल्या रॅब्सच्या झालरपायी वृक्षबेडकाने दाखवलं. २००५ मध्ये सापडलेल्या या प्रजातीचे फारच थोडे बेडूक बाहेर काढता आले, प्रजनन साधलं नाही, आणि २०१६ मध्ये अटलांटातल्या वनस्पती उद्यानात त्यातला शेवटचा ज्ञात नर मेला.

दुसरी अट आधी सरावाची. त्याच गटातली, त्याच प्रकारे वीण करणारी एखादी सामान्य प्रजाती वर्षभर सांभाळून दाखवा: अंडी, बेडूकमासे, पिल्लं, पुन्हा प्रौढ. खाद्य-कीटकांची पैदास बेडूक आणण्याच्या कितीतरी आधी स्थिर झालेली असावी. एकाच प्रकारच्या कीटकांवर वाढवलेल्या भेकांमध्ये अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळे जिभेला चिकटपणा राहत नाही आणि समोर खाद्य असूनही प्राणी उपाशी मरतो, हे घडलेलं आहे. तिसरी अट जैवसुरक्षेची, आणि ती मी सर्वांत कडक धरतो. भूमध्य समुद्रातल्या मायोर्का बेटावरच्या सुईण-भेकाला वाचवण्यासाठी केलेल्या बंदिस्त प्रजननातूनच कायट्रिड त्या बेटावर पोहोचली. आफ्रिकेतल्या बेडकांसोबत एकाच ठिकाणी ठेवल्याने. तिथल्या ओढ्यांमधून ती काढायला पुढे बेडूकमाशांवर बुरशीनाशक उपचार आणि खडकातल्या कुंडांचं निर्जंतुकीकरण करावं लागलं. म्हणून केंद्र शक्यतो बेडकाच्या मूळ प्रदेशातच, स्वतंत्र खोलीत, परदेशी प्रजातींपासून दूर, आणि बाहेर जाणारं सांडपाणी प्रक्रिया करूनच सोडलेलं असावं.

मूल्यांकनाच्या बैठकीला संशोधकांसोबत वनरक्षक, प्राणिवैद्य, आणि त्या ओढ्याचं पाणी वापरणारे, त्याकाठी जमीन कसणारे लोक बोलवा. कुठल्या वर्षी ओढा लवकर आटला, कुठे फवारणी सुरू झाली, हे त्यांना ठाऊक असतं, आणि उपाय शेवटी त्यांच्याच संमतीने टिकतो. प्रत्येक उत्तराशेजारी पुरावा लिहा: मोजलेलं, पाहिलेलं, की अंदाज. अंदाजाला अंदाज म्हटलेलं असलं की पुढच्या संशोधनाची यादी तिथेच तयार होते.

आता थेट तुमच्या बेडकाबद्दल. दिलेल्या माहितीवर मी आत्ता बंदिस्त प्रजनन सुरू करणार नाही, पण स्वस्थही बसणार नाही. पुढच्या पावसाळ्याच्या आधी ध्वनिमुद्रक लावून घ्या आणि त्या हंगामात प्रत्येक ओढ्यावर वारंवार फेऱ्या करा. त्याच फेऱ्यांमध्ये तुमच्या आणि सोबतच्या सामान्य बेडकांचे स्वॅब घ्या. वरच्या अंगाची जमीन कुणाच्या ताब्यात आहे आणि तिथे कशाची परवानगी मागितली गेली आहे, हे कागदपत्रांतून काढा. याच वर्षात एखाद्या जवळच्या सामान्य प्रजातीवर पालनाचा सराव आणि परवानग्यांची तयारी सुरू ठेवा. मग तीन गोष्टींपैकी एकही दिसली तर अंडी गोळा करण्याचा निर्णय त्याच हंगामात घ्या: मरणारे बेडूक आणि त्यांच्या स्वॅबमध्ये कायट्रिड, पुरेशा फेऱ्यांनंतरही दोन किंवा अधिक ओढ्यांवरून बेडूक नाहीसा झालेला, किंवा ज्यात सगळे ओढे येतात अशा एखाद्या प्रकल्पाला मंजुरी. यांपैकी काहीच दिसलं नाही, तर सगळी ताकद वरच्या अंगाच्या मातीवर, पाण्यावर आणि काठच्या झाडीवर लावा, आणि हे मूल्यांकन तीन-चार वर्षांनी, किंवा नवा धोका कानावर येताच, पुन्हा करा.